बिल्डिंग इंटरडिसिप्लिनरी रिसर्च करिअर्स इन विमेन्स हेल्थ

बिल्डिंग इंटरडिसिप्लिनरी रिसर्च करिअर्स इन विमेन्स हेल्थ हा महिलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नवोदित संशोधकांसाठीचा अमेरिकेतील मार्गदर्शनाधारित कार्यक्रम आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ (एनआयएच) या शासकीय संस्थेच्या महिला आरोग्य संशोधन कार्यालयाने तो २००० साली सुरू केला.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये प्रजननक्षम स्त्रियांना औषधचाचण्यांच्या प्रारंभिक टप्प्यांतून वगळण्याची शिफारस केली होती. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली. त्याच वर्षी एनआयएचच्या निधीतून होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला. तथापि, चाचण्यांत स्त्रियांना स्थान मिळाले, तरी त्यांच्या आरोग्याचे प्रश्न सातत्याने अभ्यासणारे संशोधक घडवण्याचे काम कायद्याने होण्यासारखे नव्हते.

स्वरूप

अनुदान व्यक्तीला नव्हे, तर संस्थेला मिळते. संस्था आपल्या कनिष्ठ अध्यापकांतून ‘स्कॉलर’ निवडते. स्कॉलरचा किमान ७५ टक्के कार्यकाळ सामान्यतः संशोधनासाठी राखून ठेवला जातो. रुग्णसेवा आणि अध्यापन यांत नवोदितांचे संशोधन मागे पडते, म्हणून ही अट कळीची ठरते. मार्गदर्शक भिन्न विद्याशाखांतील असतात. स्वतंत्र संशोधन अनुदान मिळवण्याइतकी स्कॉलरची तयारी व्हावी, अशी अपेक्षा असते. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रापुरता हा कार्यक्रम मर्यादित नाही. स्त्री-पुरुषांतील जैविक फरकांचा रोगांवरील परिणामही त्याच्या कक्षेत येतो.