मान खाली घातलेला उजेड

इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, तह असतात, गेला बाजार एखादी फितुरीही असते. मोटारीच्या दिव्याला मात्र तिथे कुणी बसायला पाट दिलेला नाही. वास्तविक रात्रीच्या प्रवासात मराठी माणसाने समोरून येणाऱ्या दिव्यांना जेवढे शिव्याशाप दिले असतील, तेवढे त्याच्या पूर्वजांनी औरंगजेबालाही दिले नसतील. तेव्हा निदान तेवढ्यासाठी तरी या दिव्याची बखर कुणीतरी लिहायला हवी. बँकेत दिवसभर दुसऱ्यांची खाती लिहिणाऱ्याने लिहिली तर काय बिघडलं?

सुरुवातीच्या मोटारींना तेलाचे दिवे असत. त्यांच्या उजेडात रस्ता दिसत नसे. मोटार कुठे आहे एवढं इतरांना कळे. मग आले ॲसिटिलीनचे दिवे. डब्यात कॅल्शियम कार्बाइड ठेवायचं, त्यावर थेंबथेंब पाणी सोडायचं, गॅस तयार झाला की काडी लावायची. होय, हेच ते कार्बाइड, जे कायद्याने बंदी असूनही आंब्याच्या पेटीत सापडतं. मोटारीत त्याने उजेड पाडला, आंब्यात तो अंधारच पाडतो.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकदमच आणले. पुढे दिवे प्रखर होत गेले आणि भांडणाचं स्वरूप बदललं. तोपर्यंत तक्रार होती, 'मला दिसत नाही.' आता तक्रार आली, 'हा मला दिसू देत नाही.'

त्यावर अमेरिकेतल्या गाइड लॅम्प कंपनीने १९१५ मध्ये मान खाली घालणारा दिवा काढला. फक्त तो खाली करायला गाडी थांबवून उतरावं लागे. हा दिवा पुण्यात आला असता तर काय झालं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. दोन सद्गृहस्थ समोरासमोर गाड्या थांबवून, 'आधी तुम्ही उतरा' म्हणत सकाळपर्यंत बसले असते, आणि उजाडल्यामुळे प्रश्न आपोआप मिटला असता! १९१७ मध्ये कॅडिलॅकने आत बसून ओढायचा दांडा दिला. १९२४ मध्ये ओस्रामने एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या. आपल्या ट्रकवाल्यांच्या भाषेत, एक अप्पर आणि एक डिपर. मग १९२७ मध्ये पायाने दाबायचं बटण आलं. एकूण काय, समोरच्याची कीव करायला माणसाला निदान गाडीतून उतरावं लागू नये, एवढ्यासाठी इतकी वर्षं खर्ची पडली.

पण डिपर असूनही दिवा बसवतानाच वर तोंड करून बसला असेल तर? इथे थोडं गणित करू. साधारण नियम असा, की डिपरचा झोत दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतरावा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता दिवा फक्त एक अंश वर गेला असं धरा. जी कड ५० मीटरवर रस्त्यापासून १५ सेंटिमीटर असायची, ती जाते मीटरभर उंच, म्हणजे समोरच्या मोटारवाल्याच्या थेट तोंडाशी. बँकेत एका पैशाच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत थांबलेलो आहोत. इथे एका अंशाचा फरक कुणी शोधत नाही.

बरं, दिवा बरोबर असला तरी गाडी बरोबर असते असं नाही. मागे वजन टाकलं की नाक वर होतं आणि दिवे आकाशदर्शनाला लागतात. हे सित्रोएन या फ्रेंच कंपनीने ओळखलं होतं. १९४८ मध्ये शेतकऱ्यांसाठी काढलेल्या आपल्या 'टू सीव्ही' गाडीत तिने दिवे वरखाली करायची सोय चालकाच्या हाताशीच दिली. आज आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत शून्य ते तीन आकडे लिहिलेलं एक चाक असतं, ते याचसाठी. माझ्या मेव्हण्याच्या गाडीतही होतं. ते पंख्याचं असावं अशा समजुतीने उन्हाळ्यात तो ते फिरवी आणि गार वाटतं म्हणे!

एका गणपतीला आम्ही कोकणातून परतत होतो. मागे तीन माणसं, दोन पोती तांदूळ आणि नारळ. कशेडीच्या जुन्या घाटात समोरून एक गाडी आली. मेव्हणा ओरडला, "डिपर मार की लेका!" समोरच्यानेही दिवे मिचकावले. दोघांचेही डिपरच होते. दोघांच्याही डिकीत कोकण भरलेलं होतं. तीन सेकंद सगळं पांढरं झालं. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी तेहेतीस मीटर जाते. त्या तेहेतीस मीटरच्या शेवटी, रस्त्याच्या कडेने, एक बाई पोराचं बोट धरून चालली होती. ती दिसली तेव्हा आमच्या आरशाच्या हातभर अंतरावर होती. पुढे पोलादपूर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक माणूस उभा आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच. त्याचे डोळे दिपता कामा नयेत, असा नियम. त्याला नाव नाही, गाव नाही. पण घाटातून येताना मला वाटलं, त्याला मी ओळखतो.

दुसऱ्याच दिवशी मेव्हण्याला धरून गॅरेजात नेला. मिस्त्रीने टायरची हवा पाहिली, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली, मेव्हण्याला आत बसवलं. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखली, तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर खडूची रेघ मारली. एक दिवा फडक्याने झाकला, दुसऱ्याचा स्क्रू फिरवला, झोताची कड रेघेवर आणली. मग उलटं. वीस मिनिटांत काम संपलं.

"हे लोक करून का घेत नाहीत हो?" मी विचारलं.

"घेतात की," मिस्त्री म्हणाला, "आणि चार दिवसांनी येतात, परत वर करून द्या म्हणून. गिऱ्हाइकाला आपला उजेड लांब गेलेला आवडतो."

मेव्हणाही चार दिवसांनी आलाच. "भावजी, उजेड कमी झालाय हो."

"कमी नाही झाला," मी म्हटलं, "दुसऱ्याच्या खात्यातला चुकून तुझ्याकडे जमा होत होता, तो वळता केलाय."