धूर, आवाज आणि ‘आम्ही आधीपासून करतोय’



बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, कुठेही जा, जुन्या वाड्यांच्या जागी आता अपार्टमेंट उभी आहेत. वाड्यात चुलीचा धूर कौलांतून वर निघून जायचा आणि दोन घरांच्या मध्ये अंगण असायचं. आता आपलं छत म्हणजे वरच्यांची फरशी. आपल्या मिरचीच्या फोडणीचा ठसका त्यांच्या बेडरूममध्ये जातो आणि त्यांच्या मिक्सरची घरघर आपल्या 48 मिनिटांच्या सामायिकात येते. मग कुरबूर, मग अबोला, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, “पोलिसात जाते.” शेजारणीशी वर्षानुवर्षांचं येणंजाणं अशा एका वाक्यात तुटतं. म्हणून हे भांडण किती जुनं आहे आणि लोकांनी ते कसं सोडवलं, ते आज लिहिते.

भांडण फारच जुनं आहे. लंडनमध्ये चौदाव्या शतकात शेजाऱ्यांच्या अशा तक्रारी ऐकायला नगराध्यक्ष आणि नगरातली वडीलधारी मंडळी बसत. तिथली 1377 च्या सुमाराची एक तक्रार वाचण्यासारखी आहे. एका जोडप्याच्या शेजारी चिलखतं बनवणाऱ्यांनी भट्टी घातली. जोडप्याचं म्हणणं असं, की घणाच्या घावांनी भिंती हादरतात, रात्रंदिवस झोप नाही, दगडी कोळशाच्या धुराचा वास दिवाणखान्यापर्यंत येतो आणि भट्टीचं धुराडं हवं त्यापेक्षा 12 फूट बुटकं आहे. पूर्वी घराचं भाडं वर्षाला 10 मार्क यायचं, ते आता 40 शिलिंगांवर आलं! मी कॉमर्सची, म्हणून हिशोब मांडून पाहिला. एक मार्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे भाडं तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली गेलं. धूर आणि आवाज एकाच अर्जात, आणि त्यात धुराड्याची उंची फुटांत मोजलेली.

आपल्याकडे हा प्रश्न यंत्रांबरोबर वाढला. खामगावला 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला. कापसाच्या त्या मोठ्या बाजारपेठेत पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांचा धूर नि खडखडाट वस्तीजवळ आला. मुंबईत भट्ट्यांच्या धुरासाठी 1912 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्याच्याही आधी, 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात दोन गोष्टी उदाहरणं म्हणून स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत. आपल्याकडे येणारी हवा दुसऱ्याने गैरवाजवी दूषित करू नये, आणि घरातल्या आपल्या स्वास्थ्याला दुसऱ्याच्या आवाजाने किंवा हादऱ्याने गैरवाजवी बाधा येऊ नये, हा मालकाचा हक्क आहे. यातला ‘गैरवाजवी’ शब्द फार महत्त्वाचा. धूर आणि आवाज अजिबात नको असं कायदा म्हणत नाही. घर म्हटलं की फोडणी बसणारच, पोरं धावणारच. किती, केव्हा आणि कुठे, एवढंच तो विचारतो.

आपण मात्र भांडताना वेगळंच बोलतो. “आम्ही आधीपासून करतोय, तुम्ही नंतर आलात.” या वाक्याचा निकाल 1879 मध्ये लंडनला लागला, आणि तो खटला चक्क खलबत्त्याचा होता. एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खल होते. एक साठाहून जास्त वर्षं वापरात, दुसरा सव्वीसहून जास्त. शेजारी डॉक्टर राहायला आले. 1873 मध्ये त्यांनी बागेत, त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली. रोगी तपासताना कुटण्याचा दणका यायला लागला आणि डॉक्टर कोर्टात गेले. मिठाईवाला म्हणाला, इतकी वर्षं कुटतोय, आता तो माझा हक्कच झाला. कोर्टाने ते मानलं नाही. खोली होईपर्यंत त्रासच नव्हता, मग त्रास देण्याचा हक्क मुरला कुठून?

आपल्याकडेही 1970 च्या दशकात राहत्या इमारतीतल्या पिठाच्या गिरणीचा वाद अलाहाबाद हायकोर्टात गेला होता. परिसर आधीच गजबजलेला असला तरी त्यात आणखी मोठी भर घालणं हा शेजाऱ्याला उपद्रवच, असं कोर्टाने धरलं.

त्या मिठाईवाल्याच्या खटल्यावर रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने 1960 मध्ये लिहिलं. 1991 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला बी. कॉम.ला हे नाव कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांचा मुद्दा कुठल्याही गृहिणीला पटेल. त्रास दोन्हीकडून असतो. खल बंद केला तर मिठाईवाल्याचं नुकसान, चालू ठेवला तर डॉक्टरचं. दोघे बसून बोलले तर कमी नुकसानाची वाट सापडू शकते.

आमच्या इमारतीत हे मी पाहिलं. खालच्या बाई घरून शेव-पापडीच्या ऑर्डरी घेतात, त्यावर मुलीची फी निघते. वरच्या आजींना दमा. पहाटे पाचला तळण सुरू झालं की धूर थेट आजींच्या खिडकीत. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. समितीतल्या एका काकूंनी दोघींना सांगितलं, आठ दिवस कॅलेंडरच्या मागे फक्त वेळ लिहा, बाकी काही नको. लिहिल्यावर दिसलं, की त्रास पहाटेचाच आहे. शिवाय खालच्या बाईंच्या कागदावर रात्री अकराला वरून खुर्च्या ओढल्याच्या नोंदी निघाल्या! शेवटी पंख्याचा पाइप गच्चीपर्यंत नेला, तळण आठनंतर ठरलं, वरच्या खुर्च्यांना रबराची टोपणं बसली. पाइपचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा केला. सहा शतकांपूर्वीच्या त्या धुराड्यासारखंच, सगळं उंचीवर आणि वेळेवर येऊन थांबलं.

बोलून जमलंच नाही, तर पुढच्या पायऱ्या आहेत. नोंदणीकृत सोसायटी असेल तर आधी समितीकडे लेखी अर्ज द्यावा. आवाजासाठी 2000 सालचे नियम आहेत. राहत्या भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रात्र म्हणजे 10 ते 6. ती मोडली तर पोलिसांकडे तक्रार करता येते. गावांसाठी आपल्या राज्यात 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. वस्तीची शांतता बिघडवणाऱ्या वादांत सामुदायिक मध्यस्थीची तरतूद 2023 च्या मध्यस्थता कायद्यात आहे. म्हणजे सरकारही सांगतंय, आधी बसून बोला.

एक गोष्ट आपल्याला स्वतःलाही सांगायला हवी. मिरवणुकीचा बँड आणि लाउडस्पीकर आपल्याही कार्यक्रमांत असतो. सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये एका प्रार्थनास्थळाच्या खटल्यात म्हटलं, की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. मुंगीला जपणाऱ्या आपण, भिंतीपलीकडच्या तान्ह्या बाळाची झोपही जपायला हवी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी राग आला तर दार वाजवण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: किती, केव्हा, कुठे. “आधीपासून” हा शब्द त्यात नको. मग कागद घेऊन जा, आणि सोबत वाटीभर काहीतरी न्या. रिकामी वाटी कुणी परत करत नाही, हा आपल्याकडचा रिवाज आहे, आणि वाटी परत द्यायला शेजारीण आली की बोलणं सुरू होतंच.