आजोळची वाडी

माझे आजोळ चौलचे. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत अलिबागहून आमची एस. टी. नागावकडे निघाली, की दुतर्फा माड आणि पोफळी सुरू होत आणि उन्हाचा रंगच पालटून जाई. मामांच्या वाडीत विहिरीचे पाणी पाटाने आळ्याआळ्यांतून फिरे. पोफळींच्या अंगावर नागवेली चढलेल्या असत. या गार सावलीखाली एक मोठे बंदर झोपले आहे, हे आम्हां मुलांना कोठून ठाऊक असणार!

ग्रीक ग्रंथकारांना हे बंदर ‘सिमुल्ला’ म्हणून माहीत होते. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन येथे उतरला. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडाच काढून घेतला. मोठ्या मिनतवारीने बिचाऱ्याला परत मिळाला. १५०८ मध्ये येथे इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवले; व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा त्या लढाईत पडला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. रेवदंड्यास तट बांधून ते ठाण मांडून बसले आणि १५७०-७१ चा मुर्तझा निजामशहाचा वेढाही त्यांनी निभावला. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढल्याच वर्षी हे ठाणे मराठ्यांकडे आले.

तोवर व्यापार मुंबईकडे वळला होता. आता त्या तटाच्या आत घरे आहेत, वाड्या आहेत, आणि सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले आहेत. खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत मात्र पोर्तुगीजपासून घडलेली बोली अजून ऐकू येते. बंदर गेले आणि वाडी राहिली, असा सरळ हिशेब मी मनाशी मांडून ठेवला होता.

चौलच्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्य, वायू आणि अग्नी यांची तीन कुंडे आहेत. पाऊस लांबला, की पर्जन्यकुंड उघडण्याची जुनी चाल. वायूला मात्र बोलवावे लागले नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीमुळे मला जाता आले ते थेट दिवाळीत. वाडीत पाऊल टाकले आणि डोळे दिपले. जिथे कधी ऊन उतरत नसे, तिथे लख्ख आकाश दिसत होते. निम्म्याहून अधिक पोफळी मधोमध मोडल्या होत्या.

मामेभाऊ म्हणाला, “दादा, पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर खायचं काय? बंगल्यासाठी जागा मागायला माणसं दारात येताहेत. तूच सांग बाबांना.”

त्याचे काही चुकत नव्हते. मी मामांकडे गेलो. ऐंशी उलटलेला तो म्हातारा विहिरीपाशी बसून रोपांची आळी बांधत होता. मी विषय काढताच म्हणाले, “अरे, मोडल्या त्या पोफळी माझ्या आज्यानं लावलेल्या. त्यांची सुपारी त्यानं किती खाल्ली असेल? विकायची तर विका माझ्यामागे. पण उघडी जमीन विकू नका. झाडं असली तर घेणारालाही तोडताना जरा लाज वाटेल.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी धोतराचा काचा मारला, कळशी घेतली आणि रोपांना पाणी घालू लागलो. थोड्या वेळाने पाहतो तो मामेभाऊही कुदळ घेऊन आला होता.