जर्मनीतल्या छायाचित्र प्रदर्शनात फोटो पाठवताना



गणपती, नवरात्र, दिवाळी असे कार्यक्रम ओळीने आले की प्रत्येक कार्यक्रमाचे हजारभर फोटो निघतात. त्यातले पाच-दहा खरोखर चांगले असतात आणि दोन दिवस कौतुक होऊन ते हार्डडिस्कवर जाऊन पडतात. दुसरीकडे इथे जर्मनीत फोटो भिंतीवर लावायची संधी वर्षभर कुठे ना कुठे असते. सप्टेंबरच्या शेवटी 'इंटरकुल्टुरेले वोखे' असतो. १९७५ साली सुरू झालेला हा उपक्रम आज पाचशेहून अधिक गावा-शहरांत होतो. त्या निमित्ताने राटहाउस, वाचनालय, फोल्क्सहोखशूले अशा ठिकाणी प्रदर्शने भरतात. गावोगावी फोटोक्लब आहेत. त्यांची शिखर संस्था म्हणजे डॉयचर फेरबांड फ्युअर फोटोग्राफी. तिची मुळे १९०८ पर्यंत मागे जातात.

यातली बरीच प्रदर्शने 'युरियर्ट' असतात, म्हणजे आलेल्या फोटोंतून परीक्षक निवडतील तेवढेच लागतात. त्यासाठी काय लागते, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. म्हणून आम्ही आमची माहिती इथे एकत्र केली आहे. कॅमेरा कोणता घ्यावा यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते, ती इथे नाही. आमच्या पाहण्यात अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी: फोटोत चेहरा कुणाचा आहे आणि त्या माणसाला विचारले आहे का? म्हणून त्यावर सगळ्यात जास्त लिहिले आहे.

बिस्मार्क आणि आपला गणपती

३० जुलै १८९८ च्या रात्री हाम्बुर्गजवळ फ्रीड्रिक्सरू इथे बिस्मार्क वारले. त्याच रात्री दोन छायाचित्रकार गुपचूप घरात घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढून तो विकायचा प्रयत्न केला. प्रकरण राइक्सगेरिख्टपर्यंत गेले. १८९९ मध्ये न्यायालयाने निकाल कुटुंबाच्या बाजूने दिला, पण त्यासाठी बेकायदा घरात शिरण्याचा आधार घ्यावा लागला, कारण माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा स्वतःचा हक्क असे सांगणारा कायदाच नव्हता! ही उणीव १९०७ च्या कुन्स्टउरहेबरगेझेट्सने भरली आणि त्यातली 'रेख्ट आम आयगेनेन बिल्ड', म्हणजे स्वतःच्या प्रतिमेवरच्या हक्काची कलमे आजही लागू आहेत.

कलम २२ सांगते की ज्याचा फोटो आहे त्याच्या संमतीशिवाय तो प्रसारित करता येत नाही आणि जाहीरपणे मांडता येत नाही. प्रदर्शन म्हणजे जाहीरपणे मांडणेच. व्यक्ती वारल्यावरही दहा वर्षे नातेवाइकांची संमती लागते. कलम २३ मध्ये अपवाद आहेत, त्यातले दोन आपल्या कामाचे. देखावा मुख्य असून माणसे केवळ ओघाने आली असतील तर संमती लागत नाही, आणि सभा, मिरवणूक अशा प्रसंगांचे चित्र असेल तरीही नाही.

मग गणपतीच्या मिरवणुकीचे सगळे फोटो चालतील का? तर नाही. अपवाद मिरवणुकीच्या चित्राला आहे. ढोलपथक, झेंडे, रस्ता, बघे सगळे दिसत असेल तर ते मिरवणुकीचे चित्र. पण लांब लेन्सने एकाच मुलीचा ताशा वाजवतानाचा चेहरा उचलला की ते तिचे पोर्ट्रेट झाले. परीक्षकांना आवडतो तो नेमका हाच दुसरा फोटो, त्यामुळे प्रश्न नेहमी चांगल्या फोटोलाच येतो.

या बाबतीत एक प्रकरण माहीत असलेले बरे. २०१३ मध्ये सी-ओ बर्लिन या संस्थेच्या प्रदर्शनात छायाचित्रकार एस्पेन आइशहोफर यांचा एक फोटो रस्त्यालगत मोठ्या फलकावर लावला होता. त्यात रस्त्याने जाणारी एक बाई ओळखू येईल अशी दिसत होती. तिला विचारलेले नव्हते. ती न्यायालयात गेली. कलम २३ मध्ये कलेच्या उच्च हितासाठीही एक अपवाद आहे, त्यावर हा वाद थेट घटना न्यायालयापर्यंत पोचला. फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात घटना न्यायालयाने मान्य केले की रस्त्यावरचे छायाचित्रण ही कला आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे. पण वर्दळीच्या रस्त्यावर एवढ्या मोठ्या आकारात एका अनोळखी बाईला उभे करणे हा तिच्या हक्कावर गंभीर घाला आहे, हे खालच्या न्यायालयाचे म्हणणे त्यांनी बदलले नाही. तिला नुकसानभरपाई मिळाली नाही, पण फोटो तसा दाखवायला मनाई झाली ती कायम राहिली. हे व्यावसायिक छायाचित्रकाराच्या बाबतीत घडले. आपण हौशी आहोत म्हणून कायदा वेगळा होत नाही.

आपल्याकडे हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "आपलीच तर माणसं आहेत, त्यांना काय विचारायचं?" आपलीच आहेत म्हणून तर विचारायचे! कुणाच्या घरी काय चालले आहे हे आपल्याला माहीत नसते. एखाद्या घरात नवरा-बायको वेगळे राहत असतात आणि मूल कुठल्या शहरात आहे हे उघड व्हायला नको असते. एखादी आई मुलांचे फोटो कुठेच येऊ देत नाही आणि त्याचे कारण सांगायला ती बांधील नाही. (आणि क्रांकमेल्डुंग देऊन लेझीम खेळायला आलेला एखादा तरी प्रत्येक मंडळात असतोच, असो.)

संमती लेखी घ्या. अर्ध्या पानाचा कागद पुरतो: फोटोची छोटी प्रत, प्रदर्शनाचे नाव, आणि फोटो कुठे कुठे वापरला जाईल ते वेगवेगळे लिहून, म्हणजे भिंतीवर, छापील पुस्तिकेत, वर्तमानपत्रातल्या बातमीत, इंटरनेटवर. पुष्कळ लोक भिंतीला हो म्हणतात आणि इंटरनेटला नाही, तेव्हा एकाच 'हो'मध्ये सगळे गुंडाळू नका. कार्यक्रमाच्या नावनोंदणीत 'फोटो काढले जातील' असे लिहिलेले असते, ते मंडळाच्या वृत्तांतापुरते. त्याच्या जोरावर आपला फोटो स्पर्धेला पाठवू नये. मूल लहान असेल तर पालकत्व असलेल्या दोघांचीही सही घ्यावी, आणि साधारण चौदा वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावे. २५ मे २०१८ पासून युरोपचा डेटा संरक्षण कायदा (इथे डीएसजीव्हीओ) लागू आहे. ओळखू येणारा डिजिटल फोटो हा त्याच्या दृष्टीने वैयक्तिक डेटा आहे, त्यामुळे आयोजक हा कागद मागतात.

फोटो भारतातला असला तरी प्रदर्शन इथे आहे, म्हणून नियम इथला. वारीच्या गर्दीचा फोटो बिनघोर पाठवा. पण सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या एकट्या वारकरी आजोबांचा क्लोजअप असेल तर त्यांना शोधून सही आणणे कुणालाच शक्य नाही, हे आधीच ओळखून दुसरा फोटो निवडलेला बरा. आमचे मत विचाराल तर तो फोटो इतक्या वेळा काढून झाला आहे की त्यात गमावण्यासारखे फारसे काही नाही!

इमारतींचे सोपे आहे. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी इमारत किंवा कायमचा पुतळा यांचा फोटो दाखवता येतो. समोरच्या घराच्या गच्चीतून किंवा ड्रोनवरून काढलेल्या फोटोला मात्र ही सवलत नाही. पहिले २००३ मध्ये व्हिएन्नाच्या हुंडर्टवासर हाउसच्या फोटोवरून ठरले, ड्रोनचे २०२४ मध्ये.

परीक्षक काय बघतात

फोटो प्रदर्शनात पाठवणे आपल्याला नवे नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. इथल्या क्लबांची पद्धतही जुनीच आहे. १९५० साली बर्नमध्ये स्थापन झालेल्या फियाप या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम बरेच ठिकाणी चालतात. परीक्षकांना नाव दिसत नाही. म्हणून फोटोवर सही, वॉटरमार्क, तारीख काहीही नको. फाइलचे नाव आयोजक सांगतील तसेच द्यावे. परीक्षक शेजारी शेजारी बसून एकामागून एक फोटो बघतात आणि गुण देतात. पहिल्या फेरीत एका फोटोला काही सेकंदच मिळतात.

इथेच आपली मंडळी अडखळतात. फोटो निवडताना आपल्याला त्या दिवसाची आठवण दिसते: ती मूर्ती कुणी घडवली, किती थंडी होती, आजी पहिल्यांदाच जर्मनीला आली होती. परीक्षकांना यातले काहीच दिसत नाही, फक्त चौकटीत आहे तेवढेच. यावर उपाय म्हणजे पाठवण्याआधी फोटो मराठी नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला दाखवणे. काहीच न सांगता दाखवायचा आणि 'यात काय चालले आहे' एवढेच विचारायचे. उत्तर ऐकून वाद घालू नये.

उलट बाजूही आहे. गुलाल, साधू, हत्ती, रंगीत पगड्या यांना जर्मन परीक्षक भुलतील असा एक समज आहे. कधी कधी भुलतातही. पण भारत म्हणून तेच ते दाखवत राहणे आम्हाला पटत नाही. इथल्या आपल्या आयुष्यात कुणीच न काढलेले फोटो पडून आहेत. घरातल्या बादलीत होणारे विसर्जन. जिम्नॅस्टिकच्या हॉलमध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली मांडलेले मखर. बाहेर बर्फ आणि आत खिडकीत आकाशकंदील. हे पंढरपुरात मिळणार नाही आणि जर्मन फोटोक्लबवाल्यालाही मिळणार नाही.

फोटोत किती बदल चालतो ते विभागावर ठरते. निसर्ग विभागात काही जोडणे-काढणे चालत नाही. इतर विभागांत थोडी मोकळीक असते, पण चित्रातला प्रत्येक भाग तुमच्याच कॅमेऱ्यातून आलेला असावा लागतो, इंटरनेटवरून घेतलेले आभाळ नको. २०२३ मध्ये बर्लिनचे कलाकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र मुद्दाम पाठवले, ते निवडले गेले आणि त्यांनी बक्षीस नाकारले. तेव्हापासून मूळ फाइल मागण्याचे प्रमाण वाढले आहे, तेव्हा कॅमेऱ्यातून आलेली फाइल पुसू नका.

अर्जात 'रेख्ट्सवेग आउसगेश्लोसेन' असे लिहिलेले असते. निकालावर न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याहून महत्त्वाचे कलम 'नुत्सुंग्सरेख्टे'चे, म्हणजे वापराच्या हक्कांचे. जर्मनीत फोटोचा मूळ कर्तृत्वहक्क दुसऱ्याला देऊन टाकताच येत नाही (भारतात तो लेखी करून देता येतो), पण वापराचे हक्क मात्र देता येतात. प्रदर्शन, पुस्तिका आणि त्याविषयीची बातमी एवढ्यापुरते असतील तर ठीक. 'कोणत्याही माध्यमात, कायमचे, मोबदल्याविना' असे असेल तर आयोजकांना फोटो फुकट हवे आहेत असे समजावे.

प्रिंट आणि फ्रेम

१२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. तो ४० × ३० सेंमी छापला तर इंचाला सुमारे २५० पिक्सेल पडतात, म्हणजे उत्तम. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने फिरून आला की लांब बाजू १६०० च्या आसपास उरते आणि इंचाला जेमतेम १०० पडतात. भिंतीवर ते लगेच कळते. तेव्हा मूळ फाइल मागून घ्या. फोनचा फोटो ४:३ असतो, तो ३० × ४० मध्ये न कापता बसतो. कॅमेऱ्याचा ३:२, त्याला ३० × ४५. ३० × ४० चा प्रिंट पासपार्टूसह ४० × ५० च्या फ्रेममध्ये छान दिसतो. पासपार्टूची खिडकी प्रिंटपेक्षा किंचित लहान हवी, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. काच चालेल की अ‍ॅक्रिलिक हवे ते विचारून घ्या. राटहाउसमध्ये सहसा खिळा ठोकू देत नाहीत, वरच्या पट्टीला दोरी असते, तेव्हा मागे हूक भक्कम हवा. मागे नाव, शीर्षक आणि वरची बाजू दाखवणारा बाण. विमा 'फॉन नागेल त्सू नागेल' आहे का तेही बघावे, म्हणजे तुमच्या भिंतीवरून निघून परत तिथे पोचेपर्यंतचा.

फोटो विकला गेला तर?

नुसता फोटो लावण्यात व्हिसाचा प्रश्न येत नाही. पण खाली किंमत लिहून फोटो विकू लागलात तर ते स्वतंत्र व्यवसायात मोडू शकते. नोकरीच्या परवान्यावर असाल तर सोबतचा हिरवा कागद (त्सुझात्सब्लाट) काढून वाचा. 'सेल्बस्टेंडिगे टेटिष्काइट निष्ट गेश्टाटेट' असे असेल तर आधी आउसलेंडरबेहोर्डेला लेखी विचारावे. नीडरलासुंग्सएरलाउबनिस असणाऱ्यांना हा अडसर नाही. नोकरीच्या करारात जोडकामाचे कलम असते, तेही पाहावे. एवढे सगळे नको असेल तर किमतीच्या जागी 'उनफेर्कॉयफ्लिश', म्हणजे विक्रीसाठी नाही, असे लिहून मोकळे व्हावे.

मुलांसाठी

डॉयचर युगेंडफोटोप्राइस ही १९६१ पासूनची राष्ट्रीय स्पर्धा २५ वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे. जर्मनीत राहणाऱ्या कुणालाही भाग घेता येतो, नागरिकत्वाची अट नाही. शाळेतला गट मिळूनही पाठवू शकतो. शाळेच्या आवारातले फोटो असतील तर वर्गमित्रांच्या पालकांच्या सह्या लागतील, आणि त्या उन्हाळी सुट्टीत मिळत नाहीत. तेव्हा त्या सुट्टी लागण्याआधीच गोळा करून ठेवा.