सहा दिवसांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते, हे कोकणातल्या कुठल्याही घरात पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असते. मलाही होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की गिनी कोंबडीच्या अंड्याला सव्वीस ते अठ्ठावीस दिवस लागतात. या पाच-सहा दिवसांनी मला गेल्या वर्षी मे महिन्यात जे शिकवले, त्यातूनच आजचे हे बोलणे निघाले आहे.

गिनी कोंबडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. राखाडी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण, बोडके डोके, त्यावर हाडाचे लहानसे शिंग. साप दिसला की सारी वाडी डोक्यावर घेते, एवढ्याच कारणाने मी ती पाळायची ठरवली. ओळखीच्या एका शेतकऱ्याने आठ अंडी दिली. लहान, एका टोकाला निमुळती आणि कवच असे टणक की हातात खडा घेतल्यासारखे वाटावे. आमची एक गावठी कोंबडी खुडूक बसली होती. तिच्याखाली ही आठ ठेवली आणि तिची स्वतःची पाच. पिल्ले एकत्र वाढली तर गिनीची पोरेही संध्याकाळी खुराड्यात यायला शिकतील, असा माझा हिशेब.

एकविसाव्या दिवशी कोंबडीची चार पिल्ले बाहेर आली. बाविसाव्या दिवशी ती त्यांना घेऊन उठली आणि परसात उकरायला निघून गेली. आठ अंडी तशीच गार पडली. मी तिला तीनदा धरून परत बसवली, तीनदा ती उठली. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, ‘‘भाई, तिला कशाला छळता? पोरं झाली, तिचं काम झालं.’’ अंडी नासकी असतील असे समजून दोन दिवसांनी मी एक फोडले. आत पूर्ण तयार झालेले पिल्लू होते. ओली पिसे, नारिंगी पाय, चोचसुद्धा नारिंगी. बाकीची सात मी फोडली नाहीत. आंब्याच्या बुंध्याशी पुरली.

त्यानंतर मी वाचायला बसलो. कवी माणूस, बी. ए. झालेला, चुकले की पुस्तकाकडे धावायचे ही जुनी खोड. आणि माझ्या चुकीचे उत्तर सापडले ते थेट इसवी सनाच्या पहिल्या शतकात. कोलुमेला नावाचा एक रोमन लेखक होता, मूळचा स्पेनमधल्या आजच्या काडिझचा. शेतीवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या खंडात मोर पाळण्याची कृती आहे. साध्या कोंबडीखाली नऊ अंडी ठेवा, तो सांगतो. पाच लांडोरीची आणि चार कोंबडीची. दहाव्या दिवशी कोंबडीची चारही काढून घ्या आणि त्यांच्या जागी ताजी चार ठेवा, म्हणजे तिसाव्या दिवशी सगळी एकदम फुटतील. पुढच्याच प्रकरणात तो आफ्रिकेतल्या न्युमिडियाच्या कोंबडीकडे वळतो आणि म्हणतो, हिचे संगोपन जवळपास मोरासारखेच. ही न्युमिडियाची कोंबडी म्हणजे आपली गिनी. तिचे आजचे शास्त्रीय नावही ‘न्युमिडा’च आहे.

म्हणजे ज्या सहा दिवसांपायी माझी आठ पिल्ले गेली, तो हिशेब दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला होता. आधी गिनीची अंडी बसवायची आणि सहा दिवसांनी कोंबडीची ठेवायची. इतके सोपे.

कोलुमेलाच्या आधी, इ. स. पूर्व ३७ मध्ये, ऐंशीला टेकलेल्या वारो या रोमन पंडिताने या पक्ष्याविषयी जरा कुत्सितपणे लिहिले आहे. मोठी, ठिपक्यांची, पाठीला कुबड असलेली ही आफ्रिकी कोंबडी खवय्यांच्या ताटात अगदी अलीकडे आली, आणि दुर्मीळ म्हणून महाग विकली जाते, असे त्याचे म्हणणे. याउलट ग्रीसमधल्या टिथोरिया गावी इसिस देवीच्या जत्रेत श्रीमंत लोक बैल आणि हरणे अर्पण करत, गरीब लोक हंस आणि गिनी कोंबड्या, अशी नोंद पौसानियास या प्रवाशाने दुसऱ्या शतकात केली आहे. एकाच पक्ष्याचा भाव गावागणिक कसा बदलतो!

ग्रीकांनी मात्र तिला गोष्ट दिली. मेलिएगर नावाचा वीर मेला. त्याच्या बहिणी रडत राहिल्या, तेव्हा आर्टेमिस देवीने त्यांना पक्षी केले. अंगावरचे पांढरे ठिपके म्हणजे त्यांचे अश्रू. म्हणून ग्रीकमध्ये या पक्ष्याचे नाव ‘मेलिआग्रिस’. नाटककार सोफोक्लिसने तर त्यापुढे जाऊन सांगितले, की भारताच्याही पलीकडच्या देशात हे पक्षी मेलिएगरसाठी रडतात आणि त्यांच्या आसवांचा अंबर होतो. थोरल्या प्लिनीने याची यथेच्छ टिंगल केली आहे. एवढ्या मोठ्या माणसाने असे लिहावे, याचेच त्याला नवल वाटले. कवीची बाजू घ्यावी असे मला वाटते खरे, पण भूगोलात सोफोक्लिस नापासच.

इजिप्तची चित्रलिपी तर याहून किती जुनी. तिच्यात गिनी कोंबडीचे एक स्वतंत्र चिन्ह आहे. त्याचा उच्चार साधारण ‘न्ह’ असा. ज्या पक्ष्याच्या ओरडण्याने शेजारी भांडायला येतात, तो एका लिपीत अक्षर होऊन बसला आहे, हे वाचून मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो. कोणाला फारसे कौतुक वाटले नाही.

रोमन साम्राज्य ओसरले आणि युरोपातून ही कोंबडी जवळजवळ दिसेनाशी झाली. पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरू लागली. त्या गिनी किनाऱ्यावरून ती पुन्हा युरोपात गेली आणि ‘गिनी’ हे नाव तिला चिकटले. आपल्या सराफांना ठाऊक असलेली जुनी सोन्याची ‘गिनी’ही त्याच किनाऱ्याची, इंग्लंडने १६६३ मध्ये पाडलेल्या या नाण्यासाठी तिकडचे सोने आले होते. आणि त्याच किनाऱ्यावरून माणसेही भरून नेली जात होती. ब्राझीलमध्ये या पक्ष्याला आजही ‘अंगोलाची कोंबडी’ म्हणतात. गुलाम म्हणून तिथे नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या कांदोंब्ले या पंथात तिला मोठा मान आहे.

मग नावांचा जो घोळ झाला, त्याला तोड नाही. गिनी कोंबडी इंग्रजांकडे तुर्की मुलखातल्या व्यापारातून आली म्हणून तिला ते ‘टर्की’ म्हणू लागले. तेवढ्यात अमेरिकेतून दुसराच मोठा पक्षी आला. लोकांनी दोघांची गल्लत केली आणि ते नाव त्याच्याकडे गेले. १७५८ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव देताना ग्रीकांचे ‘मेलिआग्रिस’सुद्धा त्या अमेरिकन पक्ष्याच्याच गोत्राला देऊन टाकले. तुर्कस्तानात टर्कीला ‘हिंदी’ म्हणतात, पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. प्रत्येकाने पाहुण्याला दुसऱ्याच्याच गावचे ठरवले.

तो टर्की आपल्याकडे आल्याची नोंद मोठी सुंदर आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खान गोव्याहून काही अनोखे प्राणी घेऊन जहांगीर बादशहाच्या दरबारात आला. त्यांतल्या एका पक्ष्याचे डोके आणि मान घडीत पोवळ्यासारखी लाल, घडीत पांढरी, घडीत निळसर होई. त्याचे नाव कोणालाच सांगता येईना. बादशहाने आठवणींत त्याचे वर्णन लिहिले. वर म्हटले, की पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, आपण घेतली. उस्ताद मन्सूरच्या नावाने ओळखले जाणारे ते टर्कीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. नाव नसलेल्या पाहुण्याला आधी नीट निरखून पाहिले, ही गोष्ट मला आवडली.

अरबीत गिनी कोंबडीला ‘दजाज हबशी’ म्हणतात, हबशांच्या देशातली कोंबडी. हबशी शब्द आम्हा कोकणातल्यांना अरबीतून शिकावा लागत नाही. मुरूडच्या समुद्रात जंजिरा उभा आहे. तिथल्या सिद्द्यांचे राज्य १९४८ पर्यंत होते. कित्येक पिढ्या इथे नांदूनही लोक त्यांना हबशीच म्हणत. मलाही कविसंमेलनानंतर कोणीतरी हमखास विचारते, ‘‘मराठी छान लिहिता, पण तुम्ही मूळचे कुठले?’’ मी गावाचे नाव सांगतो. ते म्हणतात, ‘‘नाही, त्याआधीचे?’’ त्याआधीचेही तेच गाव असते.

असो. यंदा एप्रिलमध्ये पुन्हा अंडी आणली. या वेळी कोलुमेलाच्या हिशेबाने. पहिल्या दिवशी गिनीची दहा, सातव्या दिवशी कोंबडीची तीन. शेजारच्या काकी रोज येऊन दिवस मोजत होत्या. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी गिनीची सात आणि कोंबडीची दोन पिल्ले डालग्याखाली एकत्र चिवचिवत होती.

तरीही चुका झाल्याच. पाण्याच्या वाटीत बुडून एक पिल्लू गेले. वाटीत गोटे टाकायचे असतात, हे मला उशिरा कळले. खाली वर्तमानपत्र अंथरले, तर गुळगुळीत कागदावर एकाचे पाय फाकले. तेव्हा गोणपाट अंथरा. रविवारची पुरवणीसुद्धा नको. पहिला आठवडा साधारण पस्तीस अंश ऊब लागते, म्हणून बल्ब लावला. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा यांना प्रथिने जास्त लागतात. बाजारातल्या खाद्याबरोबर मी वाळवी घालत गेलो. पावसाची पहिली सर आली तेव्हा सगळ्यांना टोपलीत घालून ओटीवर घेतले, कारण एवढ्या वयात भिजलेले गिनीचे पिल्लू वाचणे कठीण.

आता सहा आहेत. त्यांतल्या चार माद्या, हे ओरडण्यावरून कळले. नर एकेरी किंचाळतो. मादी दुहेरी साद घालते. आमच्या कानांना ती ‘बघ की, बघ की’ अशीच ऐकू येते. मोठ्या झाल्यावर खुराड्यात निजायला शिकतील हा माझा जुना हिशेबही चुकला. दिवस कलला की सहाही जणी-जणे भरारी घेऊन फणसावर जातात. त्यांना वाढवणारी ती गावठी कोंबडी खाली बुंध्याशी उभी राहते, मान वर करून थोडा वेळ हाका मारते. मग अंधार पडायच्या आत आपल्या दोन पिल्लांना घेऊन खुराड्यात शिरते.