घराची किंमत आणि घरधन्याचा संशय

दुपारची वेळ आहे. रस्त्यावर फारशी वर्दळ नाहीं. अशा वेळीं एक अनोळखी माणूस घरासमोर येऊन उभा राहतो, खांद्याचा कॅमेरा काढून घराचें छायाचित्र घेतो आणि वहींत कांहींतरी टिपूं लागतो. ओसरीवर बसलेला घरधनी तत्काळ उठतो. आपण कोण, आपणांस कोणीं पाठविलें, आणि हें कशासाठीं, असे तीन प्रश्न तो एका दमांत विचारतो. घरांची किंमत ठरविण्यासाठीं पाहणी करीत हिंडणाऱ्या माणसास हे प्रश्न रोजचेच असतात. तो मनांतल्या मनांत चिडतो आणि लोक अडाणी व संशयी आहेत, असा निकाल देऊन मोकळा होतो. परंतु इतिहासाचीं पानें चाळूं गेलें असतां या निकालावर सही करवत नाहीं. घर मोजावयास आलेल्या परक्या माणसाचा अनुभव लोकांनीं पिढ्यान् पिढ्या घेतला आहे, आणि त्या अनुभवांतूनच हे तीन प्रश्न जन्मास आले आहेत.

इंग्लंडांत १६६२ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अमदानींत चुलींवर कर बसला. घरांतील प्रत्येक चुलीमागें वर्षास दोन शिलिंग, असा त्याचा दर होता. ज्याच्या घरांत चुली अधिक तो अधिक सधन, असा त्यामागील हिशेब. हिशेब सरळ होता, परंतु अडचण अशी कीं चूल घराच्या आंत असते. ती मोजावयाची म्हणजे उंबरठा ओलांडावयास हवा. प्रथम लोकांनीं दिलेल्या यादीवर काम भागविण्याचा विचार होता. पुढें सरकारी माणसांना घरांत शिरून तपासण्याचा अधिकार मिळाला. लोक त्यांना तिरस्कारानें 'धुराडेवाले' म्हणूं लागले. दोन शिलिंगांपेक्षां, कोणी अनोळखी माणूस आपल्या माजघरांत येऊन कोपरे धुंडाळतो, हें लोकांना अधिक झोंबलें. १६८८ ची राज्यक्रांति होऊन विल्यम व मेरी गादीवर आलीं आणि दुसऱ्याच वर्षीं, १६८९ सालीं, हा कर रद्द झाला. परक्या माणसानें वाटेल तेव्हां कोणाच्याही घरांत शिरावें हें प्रजेच्या मानास कमीपणा आणणारें आहे, असें कारण त्या वेळीं कायद्यांतच नमूद करण्यांत आलें.

सरकारनें यांतून एक धडा घेतला. मात्र तो अर्धाच घेतला. १६९६ सालीं खिडक्यांवर कर आला. खिडक्या रस्त्यावरून मोजतां येतात. उंबरठा ओलांडण्याचें कारण नाहीं आणि घरधन्याशीं बोलण्याचेंही कारण नाहीं. परंतु न बोलतां संशय थोडाच जातो? मोजणारा बाहेर उभा राहूं लागला, तशा घरधन्यानें आंतून खिडक्या विटांनीं बुजविल्या. त्या बुजविलेल्या खिडक्या इंग्लंडांतील जुन्या घरांवर आजही दिसतात. उजेड आणि हवा यांना पारखीं झालेलीं घरें रोगराईचीं माहेरघरें बनलीं, अशी ओरड डॉक्टरांनीं व समाजसुधारकांनीं केली, आणि अखेर १८५१ सालीं हा कर गेला. दीडशेंहून अधिक वर्षें सरकार बाहेरून मोजीत होतें आणि प्रजा आंत अंधार करून बसली होती. दोघांमध्यें संवाद नसला म्हणजे काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

आपल्या देशांतही असा प्रसंग येऊन गेला. १८१० सालीं कंपनी सरकारनें काशींतील घरांवर व दुकानांवर कर बसविण्याचें ठरविलें. आकारणीचें काम सुरू होतांच शहर खवळलें. पूर्वींच्या राजांनीं प्रजेच्या राहत्या घरावर कधीं कर घेतला नव्हता. राहतें घर हें कांहीं उत्पन्नाचें साधन नव्हे. आणि इतर कर तर आधींच डोईवर आहेत, असें लोकांचें म्हणणें होतें. त्यांनीं शस्त्र उचललें नाहीं. डिसेंबरच्या अखेरीस दुकानें बंद झालीं, कारागिरांनीं हत्यारें खालीं ठेवलीं, नावाड्यांनीं नावा बांधून ठेवल्या. हजारों माणसें घरें सोडून, ऐन थंडींत, उघड्या मैदानांत धरणें धरून बसलीं. ज्या घरावर कर बसावयाचा तें घरच सोडून बाहेर येऊन बसणें, हें त्यांचें उत्तर होतें. पुढें समजुती झाल्या, लोक परतले, आणि १८१२ सालीं तो कर मागें घेण्यांत आला. घराचा आकार ठरविण्यापूर्वीं घरधन्यास विचारावें लागतें, हें काशीकरांनीं सरकारास इतक्या शांतपणें शिकविलें.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. १९३९ ते १९४१ या काळांत अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरानें आपल्या पांचही विभागांतील बहुतेक सर्व इमारतींचीं छायाचित्रें काढविलीं. घरपट्टीची आकारणी सर्वत्र सारख्या मापानें व्हावी, हा त्यांतील उद्देश होता. मंदीमुळें बेकार झालेल्यांना काम देणाऱ्या सरकारी योजनेंतील माणसें या कामावर नेमलीं होतीं. सुमारें ७ लाख २० हजार छायाचित्रें निघालीं. बहुतेक चित्रांत घरापुढें एक पाटी दिसते. तिच्यावर त्या जागेचा गट क्रमांक आणि भूखंड क्रमांक असतो. पुष्कळदां ती पाटी धरून उभा असलेला मदतनीसही चित्रांत येतो. पायरीवर खेळणारीं मुलें, दुकानदार, वाटसरू हेही त्यांत सांपडले आहेत.

ही पाटी दिसावयास क्षुल्लक, पण अर्थ मोठा. चूल मोजणारा कारकून काय लिहून नेतो, हें घरधन्यास कळत नसे. येथें मात्र काय नोंदविलें तें उघड्या रस्त्यावर, सर्वांसमक्ष, ठळक अंकांत लिहिलेलें होतें. शेजाऱ्याचा वाडा चुकून आपल्या नांवावर चढला, तर चित्र व क्रमांक पुढें ठेवून भांडतां येतें. सरकारला जो पुरावा, तोच घरधन्यालाही पुरावा.

तथापि छायाचित्राचीही एक मर्यादा आहे. तें घराचें तोंड पाहतें, पोट पाहत नाहीं. दर्शनी भिंतीस नुकताच चुना दिलेला असतो आणि मागची भिंत पावसानें खचलेली असते. रस्त्यावरून पाहणारा म्हणेल, घर उत्तम आहे. म्हणून घरधन्याचा संशय अगदींच निराधार नसतो. परंतु त्यानें दार लावून घेतलें तर नुकसान कोणाचें? दार बंद केल्यानें पट्टी चुकत नाहीं. फक्त खचलेली भिंत नोंदींत येण्याची राहून जाते. शहाणा घरधनी आधीं ओळखपत्र पाहतो आणि मग स्वतःच पाहणी करणाऱ्यास परसदारीं घेऊन जातो. तसाच शहाणा पाहणी करणाराही कॅमेरा काढण्यापूर्वीं कडी वाजवितो, नांव सांगतो, काम सांगतो, आणि हरकत कोठें घ्यावयाची तेंही सांगतो.

हीच रीत भारतांतील गांवोगांवच्या पाहणींत अलीकडे घालून देण्यांत आली आहे. शेतजमिनीचा सातबारा पिढ्यान् पिढ्या चालत आला. गांवठाणांतील घरांना मात्र बहुतेक ठिकाणीं तसा नकाशा नव्हता. २४ एप्रिल २०२० रोजीं 'स्वामित्व' योजना सुरू झाली आणि ड्रोन नांवाचें उडतें यंत्र गांवठाणांचीं छायाचित्रें आकाशांतून घेऊं लागलें. डोक्यावर घोंघावणारें यंत्र पाहून, आतां पट्टी वाढणार कीं काय, अशी शंका कोणास आली तर नवल नाहीं. कारण घरपट्टीची आकारणी हाही त्या योजनेचा एक जाहीर हेतु आहे. परंतु यंत्र उडण्यापूर्वीं ग्रामसभेंत माहिती द्यावयाची, मालकांच्या समक्ष घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारावयाच्या, नकाशा झाल्यावर तो लोकांना दाखवावयाचा, हरकती ऐकावयाच्या आणि मगच मिळकत पत्रिका द्यावयाची, असा क्रम ठरविलेला आहे. जेथें हा क्रम मनापासून पाळला जातो, तेथें चुन्याची रेषा ओढतांना घरधनी स्वतः हजर असतो. जेथें तो कागदावरच राहतो, तेथें चूल मोजणाऱ्याचा काळ पुन्हां अवतरण्यास वेळ लागत नाहीं.

न्यूयॉर्कच्या त्या छायाचित्रांची पुढील हकीकत मोठी हृद्य आहे. करखात्याचा उपयोग संपल्यावर तीं शहराच्या दप्तरखान्यांत पडून राहिलीं. मग लोक तीं मागूं लागले. आजोबांचें दुकान, आईचें जन्मघर, पुढें पाडून टाकलेली चाळ, यांचें एवढें एकच चित्र जगांत उरलें होतें. २०१८ सालीं तीं सर्व छायाचित्रें कोणासही पाहतां येतील अशीं खुलीं करण्यांत आलीं. ज्या कॅमेऱ्याकडे एखाद्या आजोबांनीं कपाळास आठ्या घालून पाहिलें असेल, त्याच कॅमेऱ्याचे आभार आज त्यांचीं नातवंडें मानीत आहेत.

संशय हा घराचा राखणदार आहे. त्याला हाकलून देऊन किंवा चुकवून आंत डोकावणें, हे दोन्ही मार्ग फसले, असें इतिहास सांगतो. त्या राखणदाराच्या तीन प्रश्नांना तीन सरळ उत्तरें द्यावींत आणि लिहिलेलें टिपण त्याच्या हातीं द्यावें. मग बहुधा तोच पुढें होऊन म्हणतो, या, आंत या. मागची भिंतही पाहून घ्या.