तमासगिरिणीचें लुगडें

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर अशीं गांवें मागें टाकीत नारायणगांवास पोहोंचतो. याच रस्त्याच्या आसपास आज मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. आणि याच रस्त्यानें चैत्र-वैशाखांत तमाशाचे फड आपल्या कनाती नि पेट्या घेऊन जत्रांना जातात. पाडव्याच्या सुमारास नारायणगांवीं फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवकरी तेथें येऊन सुपारी देतात. त्या पेट्यांतील एका वस्त्राविषयीं आज बोलावयाचें आहे. तें वस्त्र म्हणजे तमासगिरिणीचें नऊवारी लुगडें.

हें लुगडें रंगभूमीसाठीं कोणीं मुद्दाम निर्माण केलेलें नव्हे. सुमारें सव्वाआठ मीटर लांबीचें हेंच वस्त्र कासोटा घालून नेसून मावळांतील स्त्रिया भातलावणी करीत आणि डोंगर चढत. कासोट्यामुळें दोन्ही पाय मोकळे राहतात. वांकतां येतें, बसतां येतें, धांवतां येतें. शेतकामाला जी सोय, तीच नृत्याला. नर्तकी ठेका धरते, गिरकी घेते, गुडघ्यांवर बसते, तरी निऱ्या पायांत अडकत नाहींत. पदराचें काम निराळेंच आहे. गौळणींत तो डोक्यावर असतो, फडाच्या लावणींत कमरेला खोंचलेला असतो आणि बैठकीच्या लावणींत अर्धा अर्थ तोच सांगतो. वर भरजरी कांठ, नाकांत नथ, कमरेस पट्टा आणि पायांत घुंगरांचे चाळ, एवढी भर पडली कीं शेतांतलें लुगडें बोर्डावरचें होतें.

प्रारंभीं हा वेष स्त्रियांच्या अंगावर नव्हता. नाच्या पोऱ्या लुगडें नेसून नाचे. पुढें स्त्रिया बोर्डावर आल्या. याच रस्त्यावर पुढें लागणाऱ्या संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा हें पवळाचें गांव. महार समाजांतील ही नर्तकी आणि कुळकर्ण्यांच्या घरांत जन्मलेले शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या जोडीनें तमाशास अपार लोकप्रियता मिळवून दिली.

येथें एक विसंगति नजरेंत भरते. त्याच काळांत बालगंधर्व (१८८८–१९६७) शालू-पैठणी नेसून नाटकांत नायिका रंगवीत आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्या नेसणीचें कौतुकानें अनुकरण करीत. वस्त्र तेंच, कासोटा तोच. पुरुषानें नेसल्यास ती अभिरुचि ठरे. पोटासाठीं नाचणाऱ्या स्त्रीनें नेसल्यास ती असभ्यता ठरे. वास्तविक मानेपासून घोट्यापर्यंत झांकणाऱ्या त्या वेषांत असभ्य असें कांहींच नाहीं. लोकांनीं दोष दिला तो वस्त्राला नव्हे, नेसणारीच्या जातीला आणि धंद्याला.

त्या भरजरी कांठामागें कष्ट किती असत, हें नारायणगांवच्या विठाबाईंच्या (१९३५–२००२) एका हकीकतीवरून समजतें. दिवस भरले असतां त्या नाचत होत्या. खेळ चालू असतांनाच कळा आल्या. पडद्यामागें प्रसूत होऊन त्यांनीं दगडानें नाळ तोडली आणि लुगडें आंवळून त्या पुन्हां प्रेक्षकांसमोर आल्या, असें सांगितलें जातें. पुढें राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला आणि त्यांच्या नांवानें राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कारही सुरू झाला. पण त्यांचीं अखेरचीं वर्षें विपन्नावस्थेंतच गेलीं.

आतां काळ पालटला आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुली लुगडें नेसत नाहींत, आणि खेड्यांतही तें थोड्या वृद्धांच्या अंगावरच उरलें आहे. उलट लग्नांत नि गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत शिवलेली नऊवारी हौसेनें मिरविली जाते. शेतानें जें सोडलें आणि घरानें जें पेटींत ठेवलें, तें नेसणें पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या वापरांत ठेवलें तें ज्यांना आपण उंबऱ्याबाहेर उभें केलें त्या स्त्रियांनीं. सणाच्या दिवशीं कासोटा घालतांना आपल्या लेकी त्यांचें हें ऋण मानतील, तर त्या वस्त्राचा खरा मान राखिला जाईल.